मोहरीएवढं इन्शुलिन: मधुमेही मांजराचा डोस घरी सांभाळताना

मांजराला मधुमेह निघाला की पशुवैद्य बहुतेक वेळा दर बारा तासांनी एक युनिट इन्शुलिनपासून सुरुवात करतात. यू-१०० (म्हणजे मिलीला १०० युनिटं) इन्शुलिनचं एक युनिट म्हणजे ०.०१ मिली. औषधाच्या साध्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबात अशी सुमारे पाच युनिटं मावतात. साडेचार किलोच्या बोक्याची साखर ज्या थेंबावर चालते तो मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा, आणि तो मोजायचा असतो घरातल्याच कुणीतरी, सकाळी सात वाजता, चष्मा शोधत. डोस वाढवायचा की कमी करायचा हा प्रश्न नंतरचा. आधी, रोज ठरलेला डोस खरोखर तेवढाच जातोय ना, हे पक्कं करावं लागतं.

आपल्याकडच्या मेडिकलमध्ये इन्शुलिनच्या दोन सिरिंज मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. मांजरांना बरेचदा दिलं जाणारं ग्लार्जिन (लँटस वगैरे) यू-१०० असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘एक’च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिटं जातात. उलट, प्रोझिंक किंवा कॅनिन्शुलिन ही खास प्राण्यांसाठीची इन्शुलिनं यू-४० असतात. ती केशरी सिरिंजने दिली तर एकाऐवजी ०.४ युनिट जातं. पहिली चूक एका दुपारीच मांजराला आडवं करते. दुसरी ‘औषध लागूच पडत नाही’ असं वाटायला लावून डोस वाढवत नेते, आणि मग एक दिवस योग्य सिरिंज हाती आली की पंचाईत. बाटलीवरचा ‘युनिट प्रति मिली’ हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असायला हवा. टुजिओ हेही ग्लार्जिनच, पण मिलीला ३०० युनिटं. ते पेनमधून सिरिंजने कधीच ओढायचं नाही. आणि घरात आजोबांसाठी आणलेली ३०/७० मिक्सची बाटली मांजराच्या कामाची नाही. तिचा असर मांजराच्या अंगात बारा तास टिकत नाही: साखर झपकन पडते आणि पुढच्या सुईच्या बरीच आधी पुन्हा वर जाऊन बसते.

यू-१०० साठी ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्यावी. एक मिलीच्या सिरिंजवर अर्धं युनिट म्हणजे नुसता अंदाज. सुई बाटलीत घालून बाटली उलटी धरा, लागेल त्यापेक्षा चार-पाच युनिटं जास्त ओढा, सिरिंजवर टिचकी मारून बुडबुडा वर आणा, तो बाटलीतच परत ढकला आणि मग दट्ट्या रेघेवर आणा. बुडबुडा कातडीखाली गेला तरी अपाय नसतो, पण तो जागा खातो. दोन मिलिमीटरचा बुडबुडा म्हणजे जवळपास ०.४ युनिट. ज्या मांजराचा पूर्ण डोसच एक युनिट आहे त्याच्यासाठी ही किरकोळ गोष्ट नव्हे. दट्ट्याची रबरी कड रोज रेघेच्या एकाच बाजूला टेकवावी. रोज एकाच हाताने भरलेला डोस थोडा चुकीचा असला तरी चुकीत सातत्य राहतं. दोघं जण आळीपाळीने भरणार असतील तर एकदा शेजारी बसून दोघांची ‘एक’ची रेघ जुळवून घ्यावी.

सुई मानेवरच द्यायची पद्धत आहे, पण बरगड्यांच्या बाजूला किंवा कुशीत जागा बदलत दिलेली बरी. कातडीचा तंबू करून सुई त्याच्या तळाशी घालायची. लांब केसांच्या मांजरात सुई तंबूच्या आरपार जाऊन औषध केसांतच सांडतं. बोटाला ओल लागते, वास येतो. अशा वेळी पुन्हा डोस देऊ नये. किती आत गेलं हे कळायला मार्ग नसतो, आणि बारा तास साखर जास्त राहिल्याने जेवढं बिघडतं त्यापेक्षा दुप्पट डोसाने कितीतरी जास्त बिघडतं. चुकलेल्या डोसालाही हाच नियम.

आता डोसाकडे. इंजेक्शनआधीचा आकडा मोठा दिसला की हात आपोआप अर्ध्या युनिटने पुढे जातो. हीच सवय मोडायची. बारा तासांपूर्वीच्या इन्शुलिनचा जोर ओसरताना साखर वर आलेली असणारच. डोस बरोबर आहे की नाही हे सांगतो तो दोन डोसांच्या मधला सगळ्यात खालचा आकडा, म्हणजे नीचांक. तो शोधायला दिवसभर दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढतात. घरच्या मोजणीची किंमत इथे कळते. दवाखान्यात टेबलावर धरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते, निरोगी मांजराचीसुद्धा.

मोजायची जागा म्हणजे कानाची बाहेरची कड. तिथे काठाने बारीक शीर जाते. कान थंड असेल तर रक्त येत नाही. मोज्यात मूठभर तांदूळ भरून, थोडे गरम करून, कानाला अर्धा-एक मिनिट लावायचे; स्वतःच्या मनगटाला लावून पाहिल्यावरच. कडेला व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवलं की थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. मागे कापसाचा बोळा धरून शिरेच्या अगदी शेजारी टोचायचं आणि मीटरची पट्टी थेंबाला नेऊन लावायची. लगेच अर्धा मिनिट कान दाबून धरला तर निळं पडत नाही. पहिले चार दिवस फजितीचे जातात. मग मोजणीनंतर मिळणाऱ्या उकडलेल्या चिकनच्या तुकड्यासाठी मांजर स्वतःहून येऊन बसतं.

माणसांचं ग्लुकोमीटर चालतं, पण ते मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. कारण मजेशीर आहे. माणसाच्या रक्तातल्या ग्लुकोजपैकी ५८ टक्के द्रवात आणि ४२ टक्के तांबड्या पेशींत असतं; मांजरात ९३ टक्के द्रवात, पेशींत फक्त ७. माणसाच्या हिशेबाने बनवलेलं यंत्र या वाटणीत फसतं. चूक सुरक्षित बाजूला आहे, म्हणून चिंता नाही. फक्त दोन वेगळ्या मीटरांचे आकडे एकाच वहीत मिसळू नयेत. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर कातडीवर चिकटवला तर टोचणं वाचतं, पण तो पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या थोडा मागे असतो. फार खालचा आकडा दिसला तर कानातून एकदा खात्री करावी. तेवढाही वेळ नसेल, मांजर झोकांड्या खात असेल, तर आधी साखर द्यावी.

समजा साडेचार किलोचा बोका, ग्लार्जिन एक युनिट, आठवडा झालेला. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये: सकाळी आठला ३४०, दहाला २९०, बाराला २२०, दोनला १८५, चारला २१०, सहाला २७०, रात्री आठला ३३०. नीचांक १८५. तो ८० ते १५० च्या पट्ट्यात हवा, म्हणून डॉक्टरांना विचारून डोस अर्ध्या युनिटने वाढेल. पुढच्या आठवड्यात नीचांक ११५ आला तर सकाळचा आकडा २५० असला तरी डोस तसाच ठेवायचा. आता दुसरा आलेख पाहा: सकाळी ३६०, बाराला ६८, रात्री ३८०. दोन्ही टोकं पाहून वाढवावंसं वाटतं, पण इथे डोस कमी करायचा असतो. साखर फार किंवा फार वेगाने पडली की शरीर यकृतातला साठा सोडून ती वर ढकलतं. या उसळीला सोमोग्यी परिणाम म्हणतात. ग्लार्जिनवरच्या मांजरांत तो पूर्वी मानलं जाई त्यापेक्षा विरळा असावा, असं आता बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. तरी कारण काहीही असो, ८० च्या खालचा नीचांक म्हणजे डोस कमी, हा नियम बदलत नाही.

दोन बदलांमध्ये पाच ते सात दिवस का थांबायचं? ग्लार्जिन बाटलीत आम्लधर्मी द्रावणात, पीएच ४ ला, विरघळलेलं असतं आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. कातडीखालचा पीएच ७.४ च्या आसपास. तिथे पोचताच त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि तो साठा हळूहळू विरघळत राहतो. कालच्या डोसाचा शेवट आजच्या डोसाच्या सुरुवातीवर चढलेला असतो. वाढवलेल्या डोसाचा पूर्ण असर दिसायला तीन-चार दिवस जातात. सोमवारी अर्धं, बुधवारी अर्धं असं वाढवत गेलं की शनिवारी दोन्ही एकदम अंगावर येतात. म्हणूनच ग्लार्जिन पाणी किंवा सलाइन घालून पातळ करायचं नाही: पीएच बदलला की ते बाटलीतच साकळतं. ते हलवायचंही नाही. प्रोझिंक मात्र तळव्यांत हलकेच फिरवून दुधाळ करायचं असतं. प्रत्येक बाटलीची रीत वेगळी, तेव्हा आतला कागद वाचावा.

उघडलेली बाटली ‘खोलीच्या तापमानात २८ दिवस’ असं लिहिलेलं असतं ते ३० अंशांच्या आतल्या खोलीसाठी. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात अशी खोली नसते. बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं, वितळून कितीही स्वच्छ दिसलं तरी.

इंजेक्शनआधी साखर १५० ते २०० च्या खाली निघाली आणि तुम्ही नवखे असाल तर सुई न देता डॉक्टरांना फोन करा. मांजर नीट जेवत नसेल तेव्हा डोस किती कमी करायचा हे आधीच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. पुष्कळ डॉक्टर निम्मा सांगतात. खाणं बंद आणि उलट्या असतील तर मात्र ‘खात नाही म्हणून इन्शुलिन बंद’ करून घरी वाट बघणं घातक. लघवीत कीटोन (इन्शुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी द्रव्यं) तपासायच्या पट्ट्या मिळतात. त्यांवर रंग उमटला तर त्याच दिवशी दवाखाना. हा कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं, असू शकतो, आणि त्याला सलाइन आणि दवाखान्यातलं इन्शुलिनच लागतं.

साखर फार पडल्याची लक्षणं: अचानक अधाशी भूक, विचित्र ओरडणं, झोकांड्या, मागचे पाय लुळे, शेवटी झटके. मांजर शुद्धीत असेल तर लगेच खायला घाला. खात नसेल तर मध, ग्लुकोजचं पाणी किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर दातांत बोट घालू नका, ओठांच्या कडेला लावा आणि गाडी काढा. सावरल्यावरही काही तास मोजत राहावं लागतं. साठ्यातलं इन्शुलिन अजून झिरपत असतं.

डोस वाढतच चालला आणि साखर हलत नाही, असंही होतं. वर जायच्या आधी साध्या गोष्टी तपासा: बाटली जुनी आहे का, औषध केसांत सांडतंय का, दात सडलेत का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, खाजेसाठी कुणी स्टेरॉइड दिलंय का. एवढं नीट असूनही डोस किलोमागे दीड-दोन युनिटांवर पोचला तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे बघावं लागतं. तिथल्या गाठीतून जादा ग्रोथ हॉर्मोन येत असेल तर इन्शुलिन निष्प्रभ ठरतं. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मधुमेही मांजरांच्या रक्तात याचा माग देणारं आयजीएफ-१ हे हॉर्मोन फार वाढलेलं सापडलं. म्हणजे ही दुर्मीळ भानगड नाही, आपल्याकडे तिची तपासणी क्वचित होते इतकंच.

आहाराचं गणित डोसाला थेट जोडलेलं आहे. दूधभात आणि दूधपोळीवर वाढलेलं मांजर पिष्टावर जगतं, आणि कोरडे दाणेही फार वेगळे नसतात. पाकिटावर प्रथिनं ३२, मेद १४, राख ८, ओलावा १०, तंतू ४ असं असेल तर उरलेले ३२ टक्के कर्बोदकं. उष्मांकांच्या हिशेबाने ती एकूण ऊर्जेच्या सुमारे तिसरा हिस्सा होतात. मधुमेही मांजराला १२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी हवीत. मात्र दाण्यांवरून कमी पिष्टाच्या ओल्या खाण्यावर एका रात्रीत उडी मारून डोस तोच ठेवला तर साखर धाडकन पडते. आहार आठवडाभरात हळूहळू बदलावा, त्या काळात रोज मोजावं, आणि पहिला बदल करायच्या आधी डॉक्टरांना सांगावं.

आलेखाइतकीच वहीतली बाकी नोंदही बोलते. आठवड्याचं वजन घ्यावं. मांजराला कवेत घेऊन काट्यावर उभं राहून स्वतःचं वजन वजा केलं की झालं, फक्त काटा शंभर ग्रॅम दाखवणारा हवा. पाण्याचं भांडं मापाने भरावं: दिवसाला किलोमागे शंभर मिलीच्या वर पाणी गेलं तर साखर ताब्यात नाही. मांजर टाचा टेकवून, सशासारखं बसकं चालत असेल तर तो साखरेने नसांवर केलेला परिणाम. साखर आवरली की तो बऱ्याचदा काही महिन्यांत उतरतो, आणि मग ते पुन्हा ओट्यावर उडी मारायला लागतं.

यात एक सुखद शक्यता आहे, कुत्र्यांच्या मधुमेहात जवळजवळ न दिसणारी. मांजराचा आजार माणसाच्या टाइप २ सारखा असतो. स्वादुपिंडातल्या पेशी दमलेल्या असतात, सगळ्या मेलेल्या नसतात. साखर लवकर आणि नीट खाली आली तर त्या पुन्हा काम करू लागतात. रूम्प आणि रँड या संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात ग्लार्जिन आणि घरच्या काटेकोर मोजणीवर ठेवलेल्या मांजरांपैकी ६४ टक्के मांजरांचं इन्शुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्यांत ८४ टक्के, उशिरा आलेल्यांत ३५. त्याची चाहूल नीचांकातच लागते: तोच डोस, तोच आहार, आणि आकडा ११० वरून ९०, मग ७५. अशा वेळी डोस पायरीपायरीने उतरवतात, अर्धं, मग पाव युनिट, आणि शेवटी बंद. बंद केल्यावर पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा कान टोचत राहायचं. मीटर आणि पट्ट्या कपाटात ठेवाव्यात, कुणाला देऊन टाकू नयेत: वजन चढलं, स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन पडलं, किंवा शेजारच्या काकूंनी परत दूधभात सुरू केला, की साखर पुन्हा वर येते.