उजेडाला पाणी नको, एमआरआयला हवं

अंधारात टॉर्चवर तळवा ठेवला, तर पलीकडे फक्त लाल उजेड निघतो; हिरवा-निळा रक्तातच जिरतो. लालच्याही पलीकडचा अवरक्त प्रकाश आणखी खोल जातो. म्हणून शरीराच्या आतलं चित्र घेण्यासाठी 980 नॅनोमीटर तरंगलांबीचे फोटॉन (प्रकाशाचे कण) गोळा करून 800 चा, म्हणजे जास्त ऊर्जेचा, एक फोटॉन देणारे नॅनोकण बनवतात. शरीरातलं दुसरं काही असं चमकत नाही, त्यामुळे चित्राची पार्श्वभूमी काळी राहते.

हे कण बनवायला यट्रियम 79.5, यटर्बियम 20 आणि थुलियम 0.5 टक्के, असं या दुर्मिळ मृदा धातूंचं एकूण 1 मिलिमोल क्लोराइड घ्यायचं. 6 मिलि ओलेइक आम्ल (तेलातलं मेदाम्ल) आणि 15 मिलि ऑक्टाडेसीन या तेलकट द्रावकामध्ये ते 160 अंशांना विरघळवून गार करायचं. मग 10 मिलि मिथेनॉलमधून 2.5 मिलिमोल कॉस्टिक सोडा आणि 4 मिलिमोल अमोनियम फ्लोराइड घालायचं. मिथेनॉल पूर्ण उडवून आरगॉन या निष्क्रिय वायूखाली 300 अंशांना तासभर ठेवायचं. मिथेनॉल राहिलं, तर फ्लास्क उसळतो. वेळ कमी पडला, तर स्फटिकाचं मंद चमकणारं घनाकृती रूप उरतं. उजळ असतं ते षट्कोनी. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात आणखी एक घोळ होतो: 64.7 अंशांना उकळणारं मिथेनॉल उघड्या बाटलीतून भराभर उडतं, द्रावण घट्ट होतं, फ्लोराइडचं माप चुकतं. हे द्रावण त्याच दिवशी करावं आणि बूच लावून ठेवावं.

खरी अडचण पुढे आहे. तयार कणांवर ओलेइक आम्लाचा थर असतो, त्यामुळे ते शेवभाजीच्या तर्रीसारखे पाण्यात मिसळतच नाहीत. पीएच 4 च्या आम्लात ढवळून थर काढला, की मिसळतात. पण चमक पार उतरते. पाण्याच्या ओ-एच बंधाच्या कंपनात स्फटिकाच्या कंपनापेक्षा सुमारे दहापट ऊर्जा मावते. पृष्ठभागापर्यंत आलेली ऊर्जा पाणी एकेका घासात गिळतं.

एमआरआयचं गणित नेमकं उलटं. तिथे चित्र उठावदार करायला गॅडोलिनियम हा धातू टोचतात. त्याच्या आयनात 7 विजोड इलेक्ट्रॉन असतात, पण ते काम करतात शेजारच्या पाण्यावर. कणाच्या पोटात पुरलेलं गॅडोलिनियम वायाच गेलं म्हणायचं. म्हणून आत चमकणारा गाभा आणि बाहेर सोडियम गॅडोलिनियम फ्लोराइडचं काही नॅनोमीटरचं कवच: गाभ्याला पाण्यापासून आडोसा मिळतो, गॅडोलिनियमला पाणी.

सीटी स्कॅनचे क्ष-किरण अडवायला यटर्बियम जड आहेच. मात्र मात्रेचा मेळ बसत नाही. 60 किलोच्या माणसाला एमआरआयसाठी नेहमीच्या 0.1 मिलिमोल प्रतिकिलो मात्रेत जेमतेम 1 ग्रॅम गॅडोलिनियम जातं, सीटीत आयोडीन 20-30 ग्रॅम. प्रकाशाला त्याहून कितीतरी कमी पुरतं. ‘तिन्ही एका सुईत’ हे ऐकायला जितकं सोपं, तितकं करायला नाही.

आणि हे जड धातू बाहेर कसे पडणार? मूत्रपिंडातून साधारण 5.5 नॅनोमीटरपर्यंतचेच कण जातात. मोठे यकृत-प्लीहेत साचतात. कण तेवढा लहान केला, तर त्याचे बहुतेक अणू पृष्ठभागाजवळ येतात आणि कवचाला जागाच उरत नाही.