दिवस-महिन्याची अदलाबदल: या बगचं मूळ कुठे आहे

प्रोग्राम तारीख वाचताना दिवसाला महिना आणि महिन्याला दिवस समजतो, तो हा बग. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी २२१ तारखांना दिवसाचा आकडा १२ च्या वर असतो. तिथे दिवस आणि महिना उलटले की तेरावा महिना कुठून आणायचा? बहुतेक वेळा एरर येते आणि प्रकरण त्याच दिवशी उघडकीला येतं. १/१, २/२ अशा १२ तारखा उलटल्या काय नि सुलटल्या काय, सारख्याच. उरल्या १३२. या बगचा सगळा छळ त्यांच्यात आहे. ३ एप्रिलचा ४ मार्च होतो आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एक ओळही उमटत नाही.

अमेरिकेत महिना आधी लिहितात. तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरसुद्धा 'जुलै ४, १७७६' असंच आहे. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये दिवस आधी. पण युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि सी, जावा, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषा, सगळं घडलं अमेरिकेत, त्यामुळे डिफॉल्टही (काही न सांगता धरले जाणारे नियमही) तिथलेच. '०३/०४/२०२४' जावास्क्रिप्टच्या डेटला (तारीख सांभाळणाऱ्या तिच्या भागाला) दिलं की ब्राउझर ४ मार्च धरतो, '१३/०४/२०२४' दिलं की क्रोम 'इनव्हॅलिड डेट' म्हणतो.

महिन्याचा आणखी एक घोळ सी भाषेतून आला. तिच्या टीएम या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे तारीख-वेळ ठेवायच्या साच्यात, दिवस १ ते ३१, पण महिना ० ते ११. अॅरेमधून (शून्यापासून मोजल्या जाणाऱ्या यादीतून) महिन्याचं नाव काढायला ते सोयीचं पडतं. जावाने ते घेतलं, आणि १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीमध्ये ब्रेंडन आइक यांनी घाईघाईत जावास्क्रिप्ट उभी केली तेव्हा तिचा डेट जावावरून उचलला गेला. जावाने १९९७ च्या १.१ आवृत्तीत त्या डेटच्या बऱ्याच मेथड (त्यातल्या आज्ञा) मोडीत काढल्या. जावास्क्रिप्टला ती मुभा नव्हती, जुन्या साइट कोलमडल्या असत्या.

पीएचपी या वेबच्या भाषेने तर चिन्हावरच निवाडा ठेवला: तारीख वाचणाऱ्या तिच्या स्ट्रटोटाइम या फंक्शनला तिरकी रेघ दिसली तर महिना आधी, आडवी दिसली तर दिवस आधी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची तऱ्हा त्याहून न्यारी. लॉगिनची भाषा ब्रिटिश इंग्लिश असेल, तर जुना डेटटाइम टाइप '२०२४-०४-०३' हेसुद्धा ४ मार्च वाचतो! रेघा काढून सलग '२०२४०४०३' लिहिलं की निर्धास्त.

वर्ष-महिना-दिवस हा क्रम १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने पक्का केला. वेबपानांच्या एचटीएमएलमधला तारखेचा इनपुट सर्व्हरला त्याच क्रमाने मजकूर पाठवतो, स्क्रीनवर काहीही दिसो. तरी आपल्या मशीनवर चालणारा कोड क्लाउडवर उलटा वागतो, कारण मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसारखी मंडळी फॉरमॅट न सांगता पार्स करायला (मजकुरातून तारीख काढायला) लावलं की चालू कल्चर, म्हणजे त्या मशीनवरची भाषा-देशाची सेटिंग, बघतात. लॅपटॉपवर ते भारतीय इंग्लिश, सर्व्हरवर अमेरिकी. पार्स करताना फॉरमॅट स्पष्ट लिहिला की हा प्रश्नच मिटतो, आणि तपासायला ३ एप्रिल आणि २५ एप्रिल या दोन्ही तारखा लागतात. नुसत्या २५ ने टेस्ट लिहिली तर पायथनच्या डेटयूटिलसारखी लायब्ररी २५ वा महिना नाही हे ओळखून गुपचूप क्रम बदलते आणि टेस्ट पास होते.

जो डेटा आधीच बिघडून बसलाय, तो नुसत्या तारखेकडे बघून सुधारता येत नाही. रेकॉर्ड क्रमाने भरले गेले असतील तर ते आयडीच्या क्रमाने लावून बघावेत: २ आणि ५ एप्रिलच्या नोंदींच्या मध्ये ४ मार्च दिसला, तर तो ३ एप्रिलच असणार.