टाळ्या वाजल्या म्हणजे लाइव्ह?

जॅझ नुकतं ऐकायला लागलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो: स्टुडिओ अल्बमपासून सुरुवात करू की लाइव्ह? त्याच्या मनात हिशेब सोपा असतो. स्टुडिओ म्हणजे तुकडे जोडून, चुका पुसून, घासूनपुसून केलेलं काम. लाइव्ह म्हणजे लोकांसमोर एका दमात वाजवलेलं, जसं झालं तसं. सिनेसंगीताला आणि रॉकला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. जॅझमध्ये मात्र पाकिटावर ‘लाइव्ह’ लिहिलंय की नाही, यावरून आत काय आहे ते कळेलच असं नाही.

सगळ्यांच्या घरी असतो तोच अल्बम घ्या, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. पक्का स्टुडिओ अल्बम. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, मूळची चर्चची इमारत. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत काम संपलं. सगळे वादक एकाच दालनात, एकमेकांना ऐकत वाजवत होते. माइल्सनं हातात ठेवले ते जुजबी आराखडे. पाच रचनांपैकी चार तर पहिल्याच पूर्ण टेकमध्ये झाल्या. ‘फ्लॅमेंको स्केचेस’चे दोन पूर्ण टेक आहेत आणि आज दोन्ही ऐकायला मिळतात. लागोपाठ लावून पाहा, एकाच आराखड्यावर सोलो, म्हणजे एकेका वादकाचं एकट्याचं वाजवणं, किती वेगळ्या वाटांनी जातात ते कळेल. म्हणजे श्रोते नव्हते एवढंच, बाकी सगळा मामला मैफिलीचाच. या अल्बममध्ये खरी गडबड झाली ती यंत्राची. २ मार्चला टेपचं एक मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगानं लावल्यावर एलपीची (जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) पहिली बाजू तीसेक वर्षं थोड्या चढ्या सुरात वाजत राहिली. तिच्यावरून सूर लावून सराव करणाऱ्यांनी किती वेळा आपल्याच वाद्याला दोष दिला असेल कोण जाणे! १९९० च्या दशकात ती दुरुस्त झाली.

त्याच दालनात अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा कॅननबॉल अॅडर्ली. त्याचा १९६६ सालचा गाजलेला अल्बम ‘मर्सी, मर्सी, मर्सी!’ पाकिटावर ठळक लिहिलंय, लाइव्ह अॅट द क्लब. क्लब शिकागोचा. आत टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या, लोक तालावर डुलतायत हे ऐकूनच कळतं. प्रत्यक्षात हे सगळं झालं हॉलीवूडमधल्या कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओत. पाहुणे बोलावले, फुकट दारूची सोय केली आणि बँड वाजायला लागला. शिकागोच्या क्लबचा मालक कॅननबॉलचा मित्र, त्याला जरा जाहिरात मिळावी म्हणून पाकिटावर त्याच्या क्लबचं नाव. आता याला काय म्हणायचं? जागा खोटी, पण श्रोते खरे, त्यांची दाद खरी, आणि जो झाविनुलचा इलेक्ट्रिक पियानो त्या दादेला जे उत्तर देतो तेही खरं. माझ्या मते हा अल्बम लाइव्हच आहे, फक्त पत्ता चुकीचा आहे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे बेस हे खर्जातलं मोठं तंतुवाद्य वाजवणारा चार्ल्स मिंगस. १९६० सालच्या ‘चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस’मध्ये तो क्लबात बोलावं तसं बोलतो. मंडळींचं स्वागत करतो, मध्येच टाळ्या वाजवू नका म्हणतो, ग्लासातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याची घंटा वाजवू नका अशी तंबी देतो. समोर चिटपाखरू नाही. स्टुडिओत चार वादक आणि तंत्रज्ञ. क्लबातल्या गोंगाटावर त्याचा राग होताच. तो त्यानं असा काढला. इथे वाजवण्यातली धग मात्र कुठल्याही खऱ्या क्लबला लाजवेल अशी.

आता सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण. ७ जुलै १९५६ ची रात्र, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. ड्यूक एलिंग्टनचा बँड तेव्हा उतरणीला लागलाय असं बोललं जात होतं. उशिरा त्यांनी ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही १९३७ सालची जुनी रचना काढली. तिचे दोन भाग, मधल्या जागेत टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस. (आडनाव ऐकून आपल्याकडचे काहीजण त्याला गोव्याचा ठरवून मोकळे होतात. त्याचं घराणं केप व्हर्डेचं. पोर्तुगीज तिथेही होते.) गोन्साल्विसनं ब्लूजचं १२ बारचं (तालाच्या बारा खंडांचं) आवर्तन घ्यायला सुरुवात केली आणि थांबेचना. एकामागून एक २७ आवर्तनं. एक सोनेरी केसांची बाई उठून नाचायला लागली, मग माणसं खुर्च्यांवर चढली. दीडेक महिन्यात एलिंग्टन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता.

पण गोन्साल्विस चुकीच्या माइकसमोर उभा होता. रंगमंचावर माइक दोन होते, एक अल्बम काढणाऱ्या कोलंबियाचा आणि दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओचा. पठ्ठ्या रेडिओच्या माइकमध्ये वाजवत राहिला. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर तो बाजूच्या खोलीतून वाजवल्यासारखा येतो. शिवाय महोत्सवासाठी खास लिहिलेली नवी रचना कमी सरावामुळे एलिंग्टनला पसंत पडली नव्हती. म्हणून ९ जुलैला, सोमवारी, बँड स्टुडिओत गेला, ती पुन्हा वाजवली, आणि निर्माता जॉर्ज अवाकियाननं वरून टाळ्या लावल्या. ‘एलिंग्टन अॅट न्यूपोर्ट’ म्हणून लोकांनी चाळीसेक वर्षं जे डोक्यावर घेतलं, त्यातला बराच भाग न्यूपोर्टचा नव्हताच. पुढे रेडिओची टेप सापडली. दोन माइकांच्या दोन टेप जुळवून १९९९ साली जवळजवळ स्टिरिओसारखी पूर्ण मैफल बाहेर आली आणि गोन्साल्विस पहिल्यांदा समोर येऊन उभा राहिला. ऐकायचीच असेल तर ही १९९९ ची आवृत्ती ऐका. जुन्या एलपीचा मान मोठा, पण कानाला ती आता फसवी वाटते.

टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये १५ मे १९५३ ला झालेली मैफलही अशीच अर्धवट लाइव्ह. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, ड्रमवर मॅक्स रोच आणि बेसवर पुन्हा आपला मिंगस. त्याच रात्री मुष्टियुद्धाचा मोठा सामना असल्यानं निम्मा हॉल रिकामा. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी, म्हणून पाकिटावर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’. टेपवर बेस नीट ऐकूच येईना, तेव्हा मिंगसनं नंतर स्टुडिओत बेस पुन्हा वाजवून वर चढवला. बेसच्या या वरच्या थराशिवायचं मूळ रेकॉर्डिंगही नंतर बाजारात आलं.

मग निखळ लाइव्ह काय? पियानोवादक बिल एव्हान्सचं त्रिकूट, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात, रविवार २५ जून १९६१. दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट, म्हणजे वाजवण्याच्या पाच फेऱ्या. ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं, मध्येच गप्पा, आणि त्यातून वाट काढत जाणारा पियानो. अकरा दिवसांनी त्यांचा बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. पहिला अल्बम निवडताना त्याच्या बेसला महत्त्व देणारे टेक घेतले, सुरुवातीला आणि शेवटी त्याच्याच रचना ठेवल्या. म्हणजे वाजवणं अस्सल लाइव्ह, पण क्रम आणि निवड टेबलावर बसून केलेली. त्या दिवसाचा खरा क्रम हवा असेल तर २००५ सालचा पूर्ण संच आहे.

लाइव्हचा खरा फायदा टाळ्यांत नसून वेळेत आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत तीनेक मिनिटं मावायची. जसं आपल्या जुन्या गवयांना अख्खा राग तेवढ्यात उरकावा लागे. मुंबईतही तेच झालं. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझ बँड तासन्‌तास वाजवत, गोव्याचे कितीतरी वादक याच वातावरणात तयार झाले, आणि आज हातात उरतात त्या थोड्या तबकड्या. एलपी आल्यावर वेळ मोकळा झाला, तरी स्टुडिओत घड्याळ चालूच असायचं. १९६१ च्या नोव्हेंबरात त्याच व्हॅनगार्डमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं एका ब्लूजवर सोळा मिनिटं लावली, एलपीची आख्खी बाजू. दुसरा फायदा चुकांचा. १३ फेब्रुवारी १९६० ला बर्लिनमध्ये गायिका एला फिट्झगेराल्ड ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरली. थांबली नाही, शब्द विसरले हेच तिनं सुरात गायलं, मग लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करत गाणं पार केलं. स्टुडिओत असतं तर दुसरा टेक झाला असता आणि हे रत्न कचऱ्यात गेलं असतं.

आणि खराखुरा जोडकाम केलेला जॅझ ऐकायचा असेल तर १९६९ चा माइल्सचा ‘इन अ सायलेंट वे’ लावा. निर्माता टिओ मासेरोनं टेप कापून सुरुवातीचा तुकडा शेवटी जसाच्या तसा पुन्हा डकवलाय, दोन्ही बाजूंना. कळत नाही आणि कळल्यावरही बिघडत नाही.

तेव्हा नव्या माणसानं पाकिटावरचं ‘लाइव्ह’ सोडून तारीख आणि जागा वाचावी. एकच तारीख आणि एकच जागा असेल तर सहसा जे वाजलं तेच आत असतं, स्टुडिओ असो की क्लब. तारखा दोन-तीन असतील आणि तरीही टाळ्या अगदी एकसारख्या वाटत असतील, तर हेडफोन लावून टाळ्या कुठे सुरू होतात ते ऐका. खरी दाद सोलो संपता संपता, वादकाच्या शेवटच्या स्वरावर चढून येते, इकडे दोन माणसं, तिकडे चार. मागाहून लावलेली दाद सगळीकडून एकदम येते.