जळालेला रेझिस्टर किती ओहमचा होता?

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून मागाचा कंट्रोल बोर्ड माझ्याकडे आला. ब्रेकची 24 व्होल्टची कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे मॉसफेट. त्याला हुकूम देणाऱ्या पायावरचा, म्हणजे गेटवरचा, रेझिस्टर (विजेला अडवणारा भाग) कोळसा झाला होता. दोनदा एकाच जागी जळाला म्हणून कारखानदारांनी मागाला लिंबू-मिरची बांधली होती. पण एक शहाणपणही केलं होतं. पहिल्यांदा जळालेला मूळचा रेझिस्टर त्यांनी कागदाच्या पुडीत जपून ठेवला होता.

रेझिस्टरचा रोध ओहममध्ये मोजतात आणि तो अंगावरच्या रंगीत पट्ट्यांनी लिहिलेला असतो. त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, काळा दिसत होते. म्हणजे 10 ओहम. आधीच्या कारागिराने तेवढ्याचाच घातला आणि तोही गेला. जळक्या रेझिस्टरचे रंग फसवतात. मीटर लावला तर ‘ओपन’, म्हणजे वाट तुटलेली, दाखवतो, आणि अशा बोर्डांचा सर्किट डायग्राम सहसा मिळत नाही. अशा वेळी शेजारी तसंच दुसरं सर्किट असेल तर तिथला रेझिस्टर मोजून काम भागतं. इथे ब्रेक एकच, सर्किटही एकच.

मग रेझिस्टरच्या पोटातच शिरावं लागतं, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. फिल्म रेझिस्टर म्हणजे चिनी मातीची बारीक कांडी. तिच्यावर कार्बनचा किंवा धातूचा पातळ थर असतो आणि त्या थरात मळसूत्रासारखी खाच कापलेली असते. त्यामुळे थराची एक लांब फीत होते, कांडीभोवती गुंडाळलेली. विजेला त्या फितीवरूनच गोल गोल जावं लागतं. वेढे सारख्या अंतरावर असल्याने रोधही कांडीच्या लांबीवर जवळपास सारखा वाटलेला असतो. दोन्ही टोकांची उष्णता तारांमधून निघून जाते, मध्ये ती साठते. म्हणून रेझिस्टर बहुधा मध्येच जळतो, आणि दोन्ही बाजूंची फीत शाबूत राहते.

ब्लेडने डागाच्या दोन्ही कडांचा रंग हलक्या हाताने खरवडला. डाव्या टोकापासून डागापर्यंत 20.5 ओहम, उजवीकडून 18.5. बेरीज 39. कांडी 6 मिलिमीटर, त्यातला सुमारे 1 मिलिमीटर जळालेला. म्हणजे 39 हा रोध सहापैकी पाच भागांचा. पूर्ण कांडीचा 46.8.

हा अंदाज ढोबळ आहे, पण तेवढा पुरतो. कारण रेझिस्टर वाटेल त्या आकड्याचे बनत नाहीत. 10 टक्के फरक चालणाऱ्या रेझिस्टरांची मालिका 10, 12, 15, 18, 22, 27, 33, 39, 47, 56, 68, 82 अशी ठरलेली आहे. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे 1.21 पट, म्हणजे दहाचं बारावं मूळ. 39 अधिक 10 टक्के 42.9 होतात, 47 उणे 10 टक्के 42.3. दोन शेजाऱ्यांच्या हद्दी अशा एकमेकींना भिडतात, म्हणून मोजणी थोडी चुकली तरी आपण योग्य घरातच पडतो. 5 टक्क्यांच्या मालिकेत 43 आणि 51 सुद्धा आहेत, पण गेटच्या रेझिस्टरला तेवढ्या फरकाने काही होत नाही.

तर तो 47 चा होता. पट्टे पिवळा, जांभळा, काळा. भाजून पिवळा तपकिरी झाला, जांभळा काळा पडला.

पण नुसता 47 चा घालून बोर्ड चालू केला असता तर तोही जळाला असता. मॉसफेट आत शॉर्ट होऊन ड्रेनचे, म्हणजे कॉइलकडच्या पायाचे, 24 व्होल्ट गेटवर येत होते. पाव वॅट सोसणाऱ्या रेझिस्टरवर 24 चा वर्ग भागिले 47, म्हणजे सुमारे 12 वॅटपर्यंत! यात अमावास्येचा किंवा नजरेचा काय संबंध? तो लिंबू कारखानदारांनी माझ्यासमोरच सोडला, त्याचं मला फार बरं वाटलं.

मॉसफेट का गेला, ते कॉइलला समांतर जोडलेल्या डायोडमध्ये सापडलं. ब्रेक सुटताना कॉइलमधून उसळणारं व्होल्टेज त्याने जिरवायचं असतं. बाहेरून तो अगदी धड दिसत होता. धड डायोड एका दिशेने वीज जाऊ देतो. याचा एक पाय उचलून मोजला, तर दोन्ही दिशांनी ओपन.