नऊ अनोळखी आणि एकाची वाईट संध्याकाळ

रात्री साडेअकराची वेळ. आतल्या खोलीतून भाच्याचा आवाज आला, "अरे कव्हर दे ना! मागून गाडी आली, दिसत नाही का आंधळ्या?" पाठोपाठ दोन अशा शिव्या, ज्या या घरात त्याच्या तोंडून कुणी ऐकल्या नव्हत्या. मग शांतता. मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमचा शेवटचा झोन, म्हणजे अखेरचा टप्पा होता, हा नॉक झाला होता, म्हणजे गोळी लागून पडला होता, आणि रिव्हाइव्ह द्यायला, म्हणजे त्याला उठवायला निघालेला साथीदार वाटेतच मारला गेला होता. दोन मिनिटांनी तोच मुलगा बाहेर आला, आजीचा तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवला आणि परत जाऊन पुढचा गेम लावला. शिव्या कुणाला दिल्यास, असं विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही. रँडम होता." म्हणजे गेमने आपोआप जोडून दिलेला कुणी अनोळखी.

मी ही गोष्ट घरच्या ग्रुपवर सांगितली आणि तिथूनच या लेखाची सुरुवात झाली. एकाने लगेच फॉरवर्ड टाकला: मोबाईलवरच्या गोळीबारामुळे मुलांच्या डोक्यात हिंसा शिरते आणि तीच शिव्यांतून बाहेर पडते. त्याखाली एका मावशींनी सुचवलं, पत्रिकेत मंगळ कडक असेल, पोवळं घालून बघा. पोवळ्याचं आधी सांगतो. ते समुद्रातल्या प्रवाळांचा सांगाडा असतं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीत असतं तेच. बोटात घातल्याने राग कमी होण्याचं काहीही कारण नाही, आणि काळजीत पडलेल्या आईबापांना हे खडे विकणं मला अतिशय वाईट वाटतं.

फॉरवर्डमधला दावा मात्र तपासण्यासारखा आहे, आणि तो तपासलाही गेला आहे. ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टीन यांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेम किती हिंसक हे मुलांना विचारून ठरवलं नाही, त्यासाठी अधिकृत मानांकन घेतलं. आणि मूल किती आक्रमक वागतं ते पालकांना विचारलं. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांच्यात संबंध सापडला नाही.

मग राग येतो कुठून? याच प्रझिबिल्स्कींनी तीन सहकाऱ्यांबरोबर २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्यातला एक मला फार आवडतो, कारण त्यात बंदूक नाही, रक्त नाही, फक्त टेट्रिसचे ठोकळे आहेत. आलेल्या विद्यार्थ्यांना आधी गार पाण्यात २५ सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. 'किती वेळ बुडवायचा हे तुमच्या आधी आलेल्याने ठरवलंय', असं त्यांना सांगण्यात आलं. प्रत्यक्षात वेळ सगळ्यांना सारखीच होती. मग टेट्रिस. काहींना नेहमीची सोपी बटणं मिळाली. काहींना अशी बटणं दिली की कुठलं दाबल्यावर ठोकळा कुठे वळेल याचा अंदाजच लागू नये. शेवटी प्रत्येकाला विचारलं, तुमच्यानंतर येणाऱ्याने पाण्यात किती वेळ हात ठेवावा? ज्यांची बटणं बिघडवली होती त्यांनी सरासरी १० सेकंद जास्त सांगितली. ज्याने त्यांचं काहीही वाकडं केलं नव्हतं आणि ज्याला त्यांनी पाहिलंही नव्हतं, अशा माणसाला!

आपल्याला जमतंय, आपल्या हातात काहीतरी आहे, ही भावना माणसाला भुकेइतकीच लागते. ती हिरावली की चीड येते, आणि ती समोर येईल त्याच्यावर निघते. वैफल्यातून आक्रमकता जन्मते हा विचार मानसशास्त्रात १९३९ पासून आहे. टेट्रिसच्या प्रयोगाने तो गेमच्या पडद्यावर आणून दाखवला.

आता हेच चारपाच जणांच्या संघाच्या गेमला लावून बघा. तिथे तुमचं जिंकणं-हरणं तुमच्या एकट्याच्या बोटांवर नसतं. अर्धा तास जीव तोडून खेळायचं आणि कुणा अनोळखी माणसाच्या एका चुकीने रँकचे गुण जायचे. म्हणजे न ऐकणारी बटणं इथे माणसांच्या रूपात येतात. भर पडते ती आणखी एका जुन्या खोडीची. आपली चूक झाली की आपल्याला परिस्थिती दिसते: नेट अडकलं, पिंग (नेटला लागणारा उशीर) वाढला, आईने हाक मारली. दुसऱ्याची झाली की फक्त माणूस दिसतो: नूब (नवशिका) आहे, बॉट (माणूस नव्हे, यंत्र) आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये याला मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. मैदानावर ही खोड थोडी आवरली जाते, कारण झेल सोडणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन आलेलं आपल्यालाही दिसतं. गेममध्ये साथीदाराच्या घरची लाईट गेलेली आपल्याला कळायला मार्गच नसतो.

इथपर्यंतचं एका डोक्यातलं. पण शिवीगाळ एवढी सार्वत्रिक का वाटते, याचं उत्तर मला गणितात सापडलं, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

लॉस एंजेलिसच्या रायट गेम्सचा 'लीग ऑफ लेजंड्स' हा गेम २००९ मध्ये आला. पाच विरुद्ध पाच, आणि मध्येच सोडून गेलं तर दंड. तिथली भांडणं इतकी वाढली की कंपनीने मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या जेफ्री लिन यांच्याकडे हे काम दिलं. सगळ्यांचा समज होता की मूठभर नासक्या आंब्यांनी आढी नासवली आहे. आकडे निघाले ते वेगळेच. सतत वाईट वागणारे खेळाडू होते सुमारे १ टक्का, पण एकूण शिवीगाळीतला त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. उरलेली बहुतांश अशांची, जे एरवी नीट खेळतात आणि ज्यांचा तो दिवस वाईट गेलेला असतो. आजीचा तांब्या भरणारे.

हे कसं शक्य आहे? हिशोब करू. समजा, माणूस वीस दिवसांतून एकदा डोकं फिरलेल्या अवस्थेत खेळायला बसतो. हा आकडा मी सोयीसाठी धरलाय, पण तो कुणालाच अन्यायाचा वाटू नये. महिन्यातून दीड दिवस! म्हणजे एखादा अनोळखी खेळाडू आज शांत असण्याची शक्यता ०.९५. सामन्यात तुमच्याखेरीज नऊ जण. नऊच्या नऊ शांत असण्याची शक्यता ०.९५ चा नववा घात, म्हणजे ०.६३. उरलेल्या ३७ टक्के वेळा किमान एक जण तरी भडकलेला भेटणार. एका संध्याकाळी पाच सामने खेळलात तर ४५ अनोळखी माणसं. ०.९५ चा ४५ वा घात काढा, तो येतो सुमारे ०.१. म्हणजे निव्वळ शांततेत संध्याकाळ जाण्याची शक्यता दहात एक. प्रत्येक जण वीसपैकी एकोणीस दिवस सज्जन, आणि तरीही प्रत्येकाचा अनुभव एकच: 'इथे सगळे शिव्याच देतात.'

आता त्या कायमच्या वाईट १ टक्क्याचं गणित. ०.९९ चा नववा घात ०.९१ च्या आसपास येतो, म्हणजे तसला खेळाडू साधारण बारा सामन्यांत एकदा गाठ पडेल. त्या सगळ्यांना हाकलून दिलं तरी तुमच्या संध्याकाळीत फारसा फरक पडणार नाही. पेठेतल्या मैदानावर रोज तेच वीस जण खेळतात; आज कोण घुश्शात आहे ते सगळ्यांना कळतं आणि त्याला कडेला बसवतात. गेममध्ये दर अर्ध्या तासाला नवी नऊ माणसं, म्हणजे चिडलेल्याची सोडत दर वेळी नव्याने निघते.

यात एक गृहीतक लपलं आहे: प्रत्येकाचा मूड इतरांपासून स्वतंत्र आहे. तो नसतो. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६६७ लोकांवर प्रयोग केला. काहींना आधी सोपी चाचणी दिली, काहींना वैतागवणारी. मग सगळ्यांना एका चर्चेत लिहायला सांगितलं. मन ताळ्यावर आणि आधीच्या प्रतिक्रिया सौम्य असतील तर ३५ टक्के प्रतिक्रिया त्रासदायक निघाल्या. मन वैतागलेलं आणि वरच्या प्रतिक्रियाही खवचट असतील तर ६८ टक्के. म्हणजे रागाची लागण होते. साथीच्या रोगातला पुनरुत्पादन दर कोविडमुळे सगळ्यांना माहीत झालाय. तोच इथे मांडून बघा: एका भडकलेल्या खेळाडूमुळे सरासरी जितके जण पुढच्या सामन्यात भडकून उतरतात, तो आकडा १ च्या वर गेला तर साखळी वाढत जाते, १ च्या खाली असेल तर आपोआप विझते. माझ्या वरच्या हिशोबातले वीसात एक हे प्रमाण स्थिर राहत नाही. ते रात्र चढते तसं स्वतःलाच वाढवू शकतं. म्हणून उपाय हवा तो या आकड्याला १ च्या खाली ढकलणारा, माणसं मोजून हाकलणारा नव्हे.

'नाव लपवता येतं म्हणून लोक माजतात, खरी नावं सक्तीची करा', ही मागणी आपल्याकडेही होते. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांसाठी तसा कायदा केला आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१२ मध्ये तो रद्द केला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो हैफा विद्यापीठाचा २०१२ चा प्रयोग. नाव लपलेलं असणं, चेहरा न दिसणं आणि नजरेला नजर न भिडणं, या तिन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या करून तपासल्या. बेताल वागण्याला सर्वांत जास्त हातभार लावणारी निघाली ती न भिडणारी नजर. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं की आपली जीभ थांबते, आणि हेडफोनमध्ये डोळे नसतात.

सगळंच वाईट दिवसाच्या खात्यावर टाकता येत नाही, हेही सांगायला हवं. 'हेलो ३' या गेममध्ये संशोधकांनी आधी रेकॉर्ड केलेली निरुपद्रवी वाक्यं एकदा पुरुषाच्या, एकदा स्त्रीच्या आवाजात वाजवली. स्त्रीच्या आवाजाला तिप्पट वाईट प्रतिक्रिया मिळाल्या. २०१५ च्या एका विश्लेषणात दिसलं की तिच्यावर जास्त तुटून पडणारे पुरुष होते खेळात कच्चे असलेले. तेच पुरुष दुसऱ्या पुरुषापुढे नमतं घेत होते. माझ्या ओळखीतल्या दोन मुली उत्तम खेळतात आणि माईक कायम बंद ठेवतात. संघाच्या गेममध्ये मुक्याने खेळायचं म्हणजे एक हात बांधून खेळणं. हा अन्याय आहे, आणि तो मूडवर ढकलणं मला मान्य नाही.

रायटने काय केलं ते बघण्यासारखं आहे. २०११ मध्ये त्यांनी ट्रिब्युनल नावाची व्यवस्था आणली: तक्रार झालेल्या सामन्यातलं संभाषण इतर खेळाडूंनी वाचायचं आणि दोषी की निर्दोष ते ठरवायचं. बंदी घातलेल्यांना नुसतंच बाहेर ठेवलं तेव्हा परतल्यावर साधारण निम्मे सुधारत. का काढलं हे सांगितल्यावर ६५ टक्के, आणि त्यांचंच बोलणं पुरावा म्हणून समोर ठेवल्यावर ७० टक्के. हे वाचून मी एके रात्री भाच्याचा आवाज फोनवर टिपला आणि सकाळी चहाच्या वेळी त्याला ऐकवला. बारा सेकंदांचं होतं. पाचव्या सेकंदाला त्याने फोन उलटा ठेवला.

सर्वांत मोठा परिणाम मात्र एका बारीकशा बदलाने झाला. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय आधी आपोआप चालू असायची. ती त्यांनी बंद करून ठेवली. काढून टाकली नाही. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. आठवडाभरात वाईट संभाषण ३० टक्क्यांहून जास्त घटलं, चांगलं जवळपास ३५ टक्क्यांनी वाढलं, आणि एकूण बोलणं होतं तेवढंच राहिलं. कुणावर बंदी नाही, कुणाला उपदेश नाही. भडकलेला हात आणि चॅटची खिडकी यांच्यामध्ये फक्त काही सेकंदांचं अंतर आलं.