'होम अलोन'चे दोन भाग: केव्हिन दोन्हीकडे एकटा, पण एकटेपणा वेगळा

'होम अलोन' या विनोदी इंग्रजी सिनेमांचं नाव काढलं की गच्चीवरून चोरांवर विटा फेकणारा लहानगा केव्हिन आठवतो, आणि फावडं घेऊन फिरणारा तो गूढ म्हाताराही. पण ही दोन दृश्यं एका सिनेमातली नाहीत. फावडेवाला १९९० च्या पहिल्या भागातला, विटा १९९२ च्या दुसऱ्या भागातल्या.

गोंधळ होणं साहजिक आहे. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, लेखक जॉन ह्यूज, संगीतकार जॉन विल्यम्स, केव्हिन झालेला मॅकॉले कल्किन, हॅरी आणि मार्व्ह हे चोर झालेले जो पेशी आणि डॅनियल स्टर्न, सगळे तेच. कथाही जवळजवळ तीच: नाताळाच्या तोंडावर घरात भांडण, केव्हिनची वरच्या मजल्यावर रवानगी, सकाळी धावपळ, आणि विमानात बसलेलं कुटुंब एका मुलाने कमी. हॅरीच्या डोक्याला आगही दोन्हीकडे लागते! वेगळं ओळखायचं तर मार्व्हच्या तोंडावर चढणारा भलामोठा कोळी, जिन्यावरून झुलत येऊन दोघा चोरांच्या तोंडावर आदळणारे रंगाचे डबे हे पहिल्यातलं. कबुतरं, प्लाझा हॉटेल, खेळण्यांचं दुकान हे दुसऱ्यातलं.

खरा फरक मात्र सापळ्यांत नाही, एकटेपणात आहे.

पहिल्या भागात केव्हिन शिकागोजवळच्या स्वतःच्या घरात मागे राहतो आणि बाकीचे पॅरिसला जातात. रात्री वाऱ्याने वीज गेलेली, घड्याळं बंद, आणि मोजणीत केव्हिनऐवजी शेजारचा आगंतुक मुलगा धरला गेलेला. केव्हिनला मात्र वाटतं, आपण रागाने मागितलं म्हणूनच सगळे नाहीसे झाले. त्यामुळे आधीची मजा ओसरली की उरते ती अपराधी भावना. दुसऱ्या भागात तो विमानतळावर वडिलांसारख्या कोटातल्या भलत्याच माणसामागे जातो आणि कुटुंब मायामीला उतरतं तेव्हा हा न्यूयॉर्कमध्ये. खिशात बाबांचं क्रेडिट कार्ड. तिथे तो एकटा कमी, सुटीवर जास्त वाटतो. कार्डाचं बिंग फुटल्यावर तो ज्या काकांच्या घराकडे धाव घेतो, तिथे दुरुस्तीचं काम चालू आणि माणूस कोणी नाही. तेव्हा कुठे त्याला शहराची भीती वाटते. माझ्या मते म्हणूनच पहिला भाग जास्त लागतो मनाला.

आईचंही तसंच. पहिल्यात केट (कॅथरीन ओ'हारा, दोन्हीकडे अफलातून) मिळेल त्या विमानाने अमेरिकेतल्या स्क्रँटन शहरापर्यंत येते आणि पुढे पोल्का (नाचाचं लोकसंगीत) वाजवणाऱ्या, जॉन कँडीने साकारलेल्या वादकाच्या बँडच्या गाडीत बसून घर गाठते. गंमत म्हणजे ती पोचते आणि पाठोपाठ बाकीचेही दारात हजर. थांबायला नको म्हणून तिने सोडलेल्या विमानाने ते आरामात आलेले असतात. दुसऱ्यात धावपळीपेक्षा ओळख उपयोगी पडते: पोराला नाताळाच्या झाडांचं वेड, म्हणजे तो रॉकफेलर सेंटरच्या झाडापाशीच असणार, हे तिला बरोबर कळतं.

आता दोन्ही भागांतली आणखी दोन एकटी माणसं. पहिल्यातला फावडेवाला म्हातारा मार्ली आणि दुसऱ्यातली कबुतरवाली बाई (ब्रेंडा फ्रिकर) यांचं काम वरवर सारखंच: आधी केव्हिन घाबरतो, मग मैत्री होते, शेवटी ती चोरांपासून त्याला वाचवतात. पण मार्लीचं एकटेपण भांडणातून आलेलं आहे. मुलाशी वितुष्ट, म्हणून गात असलेली नात बघायला चर्चच्या बाकावर लपूनछपून बसावं लागतं. फोन केला आणि मुलगा बोललाच नाही तर, एवढीच धास्ती. तळघरातल्या भट्टीला घाबरणारा आठ वर्षांचा केव्हिन त्याला सांगतो, करून तर बघा. आणि शेवटी मुलगा, नात दारात येतात. त्याला कुटुंब होतंच, रस्ता बंद होता.

कबुतरवालीकडे फोन करायला कोणी नाही. प्रेमभंगानंतर तिने माणसांवर विश्वास ठेवणंच सोडलंय. कार्नेगी हॉल या संगीतसभागृहाच्या माळ्यावर केव्हिन तिला आपल्या स्केट्सची गोष्ट सांगतो: जपून पेटीत ठेवले, बाहेर वापरलेच नाहीत, आणि पाय मोठे झाले. शेवटी तो नाताळाच्या झाडावर लावायच्या शोभेच्या कबुतरांच्या जोडीतलं एक तिच्या हातात ठेवतो, मैत्रीची खूण म्हणून. मॅकॅलिस्टर मंडळी, म्हणजे केव्हिनचं कुटुंब, मात्र तेव्हा प्लाझाच्या खोलीत भेटवस्तूंच्या ढिगाऱ्यात असतात, आणि तिला वर बोलवावं असं कोणाला सुचत नाही. अनेकांना हा शेवट म्हणजे गोडगोड पळवाट वाटते. मला उलट हा शेवट जास्त खरा वाटतो: प्रत्येक एकट्या माणसाला एका रात्रीत कुटुंब मिळत नाही, एवढं तरी सिनेमा कबूल करतो. मग लगेच खोलीत मागवलेल्या खाण्याचं ९६७ डॉलरचं बिल बघून बाबा ओरडतात आणि विनोद पुन्हा ताबा घेतो.

१९९७ च्या तिसऱ्या भागात मुलगाच दुसरा आहे, त्यामुळे त्याची गल्लत सहसा होत नाही. एकच बघायला वेळ असेल तर पहिला बघा. मार्लीच्या चर्चमधल्या त्या काही मिनिटांसाठी तरी.