फुटबॉल क्लबचे हस्तांतरण व पुनरुज्जीवन (कोकण किनारा)

कर्जात रुतलेला किंवा मालकाने हात आखडता घेतलेला फुटबॉल क्लब दुसऱ्याने ताब्यात घेऊन पुन्हा उभा करण्याचा व्यवहार. यात मैदान सहसा हाती लागत नाही. फातोर्ड्याचे स्टेडियम, वास्कोचे टिळक मैदान, म्हापशाचे धुळेर मैदान ही क्लबांची मालमत्ता नाही. घेणाऱ्याच्या पदरी पडते ते नाव, लीगमधली जागा, खेळाडूंचे करार आणि त्यांना चिकटलेली देणी.

कोकण किनाऱ्यावर हा व्यवहार मुख्यतः गोव्यातला. पत्रादेवी ओलांडून सिंधुदुर्गात शिरले की मैदाने कबड्डी आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटची. गोव्यातले दोन मोठे क्लब तर गावच्या क्लबांतूनच निघाले. डेंपो घराण्याने डिचोलीचा क्लब हाती घेतला, तर चर्चिल आलेमाव यांनी १९८८ मध्ये वार्क्याचा. डेंपोने पुढे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा पटकावले, चर्चिल ब्रदर्सने दोनदा (२००८-०९ आणि २०१२-१३). भात कापल्यावर कुणग्यात (भाताच्या खाचरात), पायाला धसकटे टोचत असताना अनवाणी चेंडू मारणारी पोरे हीच या क्लबांची खरी ठेव. ती कोणत्याही खरेदीखतात लिहिलेली नसते.

दुखणे एकच, आणि ते जुने आहे: सगळा डोलारा एका घराण्याच्या तिजोरीवर. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा खेळाला पैसा पुरवणाऱ्यांची ओढाताण झाली. याला लक्षणीय अपवाद म्हणजे डेंपो: त्यांनी २००९ मध्ये खाणव्यवसाय विकला, पण क्लब सोडला नाही.

घेणाऱ्याने पहिल्यांदा पाहायची ती थकबाकी. खेळाडूंचे पगार थकले आणि निवाडा होऊनही ते दिले नाहीत, तर फिफा नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घालते. जुनी संस्था बंद करून नव्या नावाने दुकान थाटले तरी सुटका नाही. नाव, रंग, बोधचिन्ह, खेळाडू, मैदान यांवरून नवा क्लब जुन्याचाच वारस ठरला, तर जुनी देणीही त्याच्याच माथी येतात. हा नियम न्याय्य आहे. ज्याने पावसात चिखल तुडवत हंगाम काढला, त्याचा पगार मालक बदलला म्हणून बुडता कामा नये. लीगमध्ये खेळण्यासाठी लागणाऱ्या परवान्याकडेही तसेच पाहावे लागते. २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्सना परवान्याच्या अटींमुळे आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहावे लागले. ते २०१६-१७ च्या हंगामात परतले.

बाहेरचे ठळक उदाहरण वेल्समधील रेक्सहॅमचे. तिथे क्लब समर्थकांच्या न्यासाकडे होता. सभासदांनी मोठ्या बहुमताने कौल दिल्यावर २०२१ मध्ये दोन अभिनेत्यांनी तो घेतला आणि सुमारे २० लाख पौंड गुंतवण्याचे वचन दिले. २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे क्लब वरच्या श्रेणीत चढला. पैसा तर लागतोच, पण आधी गावाचा होकार घेतला गेला, हे कोकणातल्या मालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

२०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो हे तिन्ही क्लब अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपोने राज्याच्या लीगमध्ये खेळणे चालू ठेवले, खालच्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २०२३-२४ मध्ये आय-लीगच्या खालच्या श्रेणीत, आय-लीग २ मध्ये, दुसरा क्रमांक मिळवून पुढच्या हंगामात आय-लीग गाठली.